लायब्ररीत एआय समजावून सांगायचंय? आधी प्रोजेक्टर बंद करा

आमच्या लायब्ररीतला एआयवरचा पहिला कार्यक्रम साफ पडला. तो मीच ठेवला होता, त्यामुळे दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नाही. चाळीस खुर्च्या, प्रोजेक्टर, बाहेरून बोलावलेले वक्ते, आणि पहिल्याच स्लाइडवर १९५६ सालची डार्टमथ कॉलेजातली कार्यशाळा, जिथून एआय हा विषय सुरू झाला म्हणतात. मग ती भरवणाऱ्यांतले जॉन मॅकार्थी, मग मशीन लर्निंग म्हणजे काय, डीप लर्निंग म्हणजे काय, एकात एक गोल काढलेली ती नेहमीची आकृती. विसाव्या मिनिटाला मागच्या दोन रांगा मोबाईलमध्ये. शेवटी "काही प्रश्न?" म्हटल्यावर एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, परवा मला मुलाच्या आवाजात फोन आला, अपघात झालाय लगेच पैसे पाठव म्हणून, आवाज अगदी त्याचाच, मी पाठवणारच होते, तर ते तुमचं हे एआयच का? वक्ते म्हणाले तो विषय आजच्या सेशनमध्ये नाही.

त्या दिवसापासून मी डोक्यातून "एआय म्हणजे काय" काढून टाकलं. लोकांना व्याख्या नको असते, त्यांना कालचा फोन खरा होता की खोटा ते हवं असतं. आणि गंमत म्हणजे हे काम लायब्ररीला आधीपासून येतं. संदर्भ विभागात बसणारा माणूस दिवसभर करतो काय? समोरच्याला नेमकं काय हवंय ते काढून घेतो, ते कुठे मिळेल ते सांगतो, आणि "हे कुणी लिहिलंय, कधी लिहिलंय" हे बघायला लावतो. एआयच्या बाबतीत लोकांना हीच सवय लावायची आहे. मशीन नवीन आहे, सवय जुनीच. खाली जे लिहितोय ते आम्ही करून, चुकून, परत करून जमवलेलं आहे, तुमच्याकडे लायब्ररी छोटी असो मोठी असो, कॉम्प्युटर एकच असो, चालेल.

आधी प्रश्न गोळा करा

देवघेव काउंटरवर एक डबा ठेवा, शेजारी चिठ्ठ्या आणि पेन. वर लिहा: "एआयबद्दल काय विचारायचंय? नाव लिहू नका." नाव नको हे महत्त्वाचं, कारण बऱ्याच जणांना आपला प्रश्न बावळट वाटतो आणि नाव लिहायचं म्हटलं की चिठ्ठी पडत नाही. दोन-तीन आठवडे ठेवा. आमच्या डब्यात आलेल्या चिठ्ठ्यांचे सरळ चार ढीग पडले. फसवणूक, म्हणजे खोटे फोन, खोटे फोटो. मुलांचा अभ्यास. माझी नोकरी राहणार का. आणि चौथा सगळ्यात मोठा, "मला ते वापरून बघायचंय पण कुठून सुरू करू कळत नाही". तुमचे ढीग वेगळे पडतील, पडू द्या, कार्यक्रम त्या ढिगांवरून ठरवा. नोकरीच्या ढिगाबद्दल प्रामाणिकपणे सांगतो, तिथे आमच्याकडे ठाम उत्तर नव्हतं आणि कुणाकडेच नसतं, त्यामुळे भविष्य सांगणारा वक्ता बोलावण्यापेक्षा ज्या कामात लोक आत्ता हे वापरतायत अशी दोन-तीन माणसं बसवून गप्पा ठेवल्या, ते बरं झालं.

स्टाफला आधी हात घालू द्या

लोकांना शिकवायच्या आधी महिनाभर लायब्ररीतल्या सगळ्यांनी, म्हणजे पुस्तकं लावणाऱ्यांपासून ग्रंथपालापर्यंत, आठवड्यातून अर्धा तास एखादा चॅटबॉट, म्हणजे आपण लिहून विचारलं की लिहून उत्तर देणारा प्रोग्रॅम, वापरून बघायचा. चॅटजीपीटी, जेमिनाय, क्लॉड, कोपायलट, जो फुकटात उघडेल तो. आणि प्रश्न असे विचारायचे ज्यांची उत्तरं आपल्याला तोंडपाठ आहेत. सगळ्यात भारी प्रश्न आपल्याच लायब्ररीबद्दलचा. किती वाजता उघडते, अनामत किती, एका वेळी किती पुस्तकं मिळतात. कधी बरोबर सांगतो, कधी "मला नक्की माहिती नाही" म्हणतो, आणि कधी अशी नियमावली देतो की वाचून आपल्यालाच वाटावं अरे आपल्याकडे असा नियम आहे का. आमच्या एका सहकाऱ्याला त्याने आमच्याकडे नसलेल्या विभागाची वेळसुद्धा सांगितली, सुट्टीच्या वारासकट. त्या दिवसापासून ती कुणालाही हे समजावू शकते, कुठल्याही ट्रेनिंगशिवाय, कारण तिने स्वतः पकडलंय.

स्टाफच्या मनात दोन भीती असतात. एक, हे आपलं काम घेणार. दुसरी, लोक विचारतील आणि आपल्याला येणार नाही. दुसरीवर उपाय सोपा आहे, "मला माहीत नाही, चला शोधूया" हे वाक्य सगळ्यांनी बिनधास्त वापरायचं ठरवायचं. पहिलीवर खोटा दिलासा देऊ नका, नुसतं बोलू द्या.

पहिलं सेशन, कॉम्प्युटरशिवाय

हे मला सगळ्यात आवडतं. फळा, खडू, चिठ्ठ्या आणि एक रिकामा डबा. बस्स.

फळ्यावर लिहा "उथळ पाण्याला". सगळा हॉल ओरडतो, "खळखळाट फार!" मग लिहा "पळसाला पानं". "तीनच!" आता विचारा, हे तुम्हाला कसं कळलं? पळस बघून आलात का? नाही, इतक्या वेळा ऐकलंय की पुढचं आपोआप येतं. इथे थांबा, घाई करू नका, हे डोक्यात बसू द्या.

मग तिसरं वाक्य लिहा, "आज सकाळी मी दार उघडलं तर समोर". आता ओरडायचं नाही, प्रत्येकाने पुढचा एकच शब्द चिठ्ठीवर लिहायचा. चिठ्ठ्या डब्यात टाका, हलवा, एक उचला. समजा "कुत्रा" आला. फळ्यावर लिहा. आता "आज सकाळी मी दार उघडलं तर समोर कुत्रा", पुढचा शब्द? परत चिठ्ठ्या, परत डबा. असं आठ-दहा वेळा केलं की फळ्यावर एक अख्खं वाक्य उभं राहतं जे हॉलमधल्या एकाही माणसाच्या मनात नव्हतं. व्याकरण बऱ्यापैकी बरोबर असतं, अर्थही लागतो. आमच्याकडे एकदा कुत्रा वर्गणी मागायला आला होता.

मग विचारा, ही गोष्ट खरी आहे का? लोक हसतात. खरी कशी असेल, कुणी बघितलंच नाही, पुढे काय शोभतं तेवढंच आपण लिहीत गेलो. चॅटबॉटच्या आतलं भाषेचं मॉडेल मुळात असंच पुढचा शब्द, खरं तर शब्दाचा तुकडा, निवडत जातं. आपल्याकडे तीस चिठ्ठ्या, त्याच्याकडे माणसांनी लिहिलेल्या मजकुराचे डोंगर वाचून काढलेले अंदाज. ज्या शब्दाच्या चिठ्ठ्या जास्त तो निघायची शक्यता जास्त, पण दरवेळी तोच निघेल असं नाही, म्हणून तोच प्रश्न दोनदा विचारला की उत्तर थोडं वेगळं येतं. आणि म्हणूनच ते थाप मारताना अडखळत नाही, कारण त्याच्या दृष्टीने खरं वाक्य आणि थाप दोन्ही एकाच डब्यातून निघतात. यावर नंतर माणसांकडून उत्तरं तपासून घेऊन त्याला वळण लावलेलं असतं, आणि हल्ली बरेच चॅटबॉट इंटरनेटवर शोधूनही उत्तर देतात, तेही सांगा, नाहीतर अर्धवट चित्र जातं. पण शोधून दिलं तरी खाली दिलेली लिंक उघडून बघायची, तिथे खरंच तसं लिहिलंय का.

काड्यापेट्यांचं यंत्र

हे जरा खटपटीचं आहे पण मुलं असतील तर यासारखं दुसरं काही नाही. १९६१ मध्ये डोनाल्ड मिची नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ३०४ काड्यापेट्या आणि रंगीत मणी घेऊन फुली-गोळा खेळायला शिकणारं "यंत्र" केलं होतं. कॉम्प्युटर नाही, वायर नाही. ३०४ पेट्या कोण करत बसणार, पण पुढच्याच वर्षी गणिताच्या कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने याची छोटी आवृत्ती मांडली, ती २४ पेट्यांत होते आणि एका दुपारी बनते.

पट तीन बाय तीनचा, दोन्ही बाजूंना तीन-तीन प्यादी. प्यादं एक घर पुढे जातं, तिरकं मारतं, बुद्धिबळासारखंच. पलीकडच्या रांगेत पोचलात, समोरची सगळी प्यादी मारलीत किंवा समोरच्याला चालच उरली नाही, की जिंकलात. मूल पहिली चाल करतं, पेट्या दुसरी. पेट्यांची पाळी असताना पट जसा दिसू शकतो तशी एकेक स्थिती एकेका पेटीवर काढायची (डावी-उजवी आरशासारखी स्थिती एकच धरायची, नाहीतर पेट्या वाढत जातात), शक्य असलेल्या चाली रंगीत बाणांनी दाखवायच्या, आणि आत त्या त्या रंगाचा एकेक मणी. पाळी आली की ती पेटी उचला, हलवा, डोळे मिटून मणी काढा, त्या रंगाची चाल खेळा. पेट्या हरल्या तर शेवटच्या चालीचा मणी काढून बाजूला. पेटी रिकामीच झाली तर पेट्यांनी हार मानायची आणि त्याच्या आधीच्या चालीचा मणी काढायचा. एवढाच नियम.

सुरुवातीला मुलं धडाधड जिंकतात, पेट्यांना हसतात. मग जिंकणं कमी होतं. मग एकाच्या लक्षात येतं की आता पेट्या हरतच नाहीयेत, कारण या खेळात दुसऱ्याने नीट खेळलं तर तोच जिंकतो आणि चुकीचे मणी सगळे निघून गेलेत. एका मुलीने पेटी उघडून आत बघितलं, दोनच मणी होते, आणि म्हणाली "पण याला कुणी सांगितलं?" याच प्रश्नासाठी हा सगळा खटाटोप. कुणीच सांगितलं नाही, हरला तेव्हा मणी कमी झाले एवढंच. मोठ्यांना एवढं जोडून सांगा की चॅटजीपीटी हुबेहूब असं चालत नाही, त्यात मण्यांच्या जागी अफाट संख्येने आकडे असतात आणि ते थोडे थोडे सरकवले जातात, पण "चुकलं की आतलं थोडं बदलतं, नियम कुणी हाताने लिहीत नाही" हा गाभा तोच.

दुसरं सेशन, थापा पकडायच्या

इथे लायब्ररीचा हात कुणी धरू शकत नाही, कारण थापा तपासायचं सगळ्यात सोपं हत्यार आपल्याकडे आहे, कॅटलॉग. मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या पुस्तकांची यादी छापून आली, १५ पुस्तकं, त्यातली १० अस्तित्वातच नव्हती. लेखक खरे, नावाजलेले, पुस्तकं मात्र एआयने रचलेली, वर सारांशही दिलेला. वाचक ती पुस्तकं शोधत बसले. त्याआधी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खटल्यांचे दाखले लावून कागद सादर केले आणि दंड भरला. हे दोन किस्से सांगा आणि लगेच कामाला लावा.

तीन-चार जणांचा एक गट. प्रत्येक गटाने चॅटबॉटला एखाद्या अगदी बारीक विषयावर दहा पुस्तकं मागायची, लेखक, प्रकाशक, वर्ष आणि आयएसबीएन (पुस्तकाच्या मागे छापलेला ओळख नंबर) यांसकट. विषय जितका आडवळणाचा तितक्या थापा जास्त मिळतात, आणि इंग्रजी सोडून आपल्या भाषेतली पुस्तकं मागितली तर बहुतेक वेळा अजून जास्त. मग एकेक पुस्तक शोधायचं. आधी आपला कॅटलॉग, मग वर्ल्डकॅट (जगभरातल्या लायब्ररींचा एकत्र ऑनलाइन कॅटलॉग), मग प्रकाशकाची वेबसाईट. प्रत्येक पुस्तकापुढे तीनपैकी एक शेरा: आहे, नाही, किंवा "पुस्तक आहे पण लेखक दुसराच". हा तिसरा प्रकार लोकांना सगळ्यात जास्त हादरवतो, कारण अर्धं खरं असलं की आपण उरलेलं खरं धरून चालतो.

आयएसबीएनचा एक छोटा खेळ आहे तोही करा. रॅकवरचं कुठलंही अलीकडचं पुस्तक घ्या, मागचा १३ आकडी नंबर लिहा, पहिला आकडा तसाच, दुसऱ्याला तीनने गुणा, तिसरा तसाच, चौथ्याला तीनने, असं शेवटपर्यंत, आणि सगळ्यांची बेरीज करा. बेरजेला दहाने पूर्ण भाग जायलाच हवा. नाही गेला तर नंबर खोटा किंवा उतरवताना चुकलाय. रचलेले नंबर यात पुष्कळदा उताणे पडतात. उलटं मात्र नाही हं, भाग गेला म्हणजे पुस्तक खरं असं नाही, हवेतून काढलेल्या दहातला एक नंबर नुसत्या नशिबाने पास होतो. एका निवृत्त हिशेबनीसांनी हा प्रकार इतका मनावर घेतला की ते अजूनही परत आलेल्या पुस्तकांचे नंबर तपासतात, आम्ही काही बोलत नाही.

एक मात्र पाळा. थापा पकडण्याची मजा येते तशी लोक "म्हणजे हे सगळं भंकस आहे" इकडे झुकतात. तसं नाहीये. त्याच सेशनमध्ये त्याच चॅटबॉटकडून एखादं क्लिष्ट सरकारी पत्र सोप्या भाषेत करून घ्या, अर्जाचा मसुदा लिहून घ्या, अवघड उतारा दहा वर्षांच्या मुलाला समजेल असा सांगायला लावा. ही कामं तो झकास करतो, कारण मजकूर आपण दिलेला असतो आणि उत्तर ताडून बघता येतं. फरक लोकांनाच बोलून दाखवू द्या.

आवाज, फोटो, व्हिडिओ

त्या बाईंच्या प्रश्नाकडे येतो. आवाजाची नक्कल करायला आता काही सेकंदांचं रेकॉर्डिंग पुरतं, आणि ते कुठल्याही टाकलेल्या व्हिडिओतून मिळतं. म्हणून कान लावून ओळखायला शिकवू नका, ते जमत नाही, उलट खोटा आत्मविश्वास येतो. शिकवायचं ते एवढंच: फोन ठेवा, आपल्याकडे सेव्ह असलेल्या नंबरवर आपण परत फोन लावा. आणि घरात एक परवलीचा शब्द ठरवा, जो कुठेही लिहिलेला नाही, चॅटवर पाठवलेला नाही. आम्ही सेशनमध्येच पाच मिनिटं देतो, घरी गेल्यावर घरच्यांना सांगायचा शब्द आत्ताच मनात ठरवा म्हणून. लोक हसत हसत ठरवतात, पण ठरवतात.

फोटोचंही तेच. मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचा पांढऱ्या फुगीर जॅकेटमधला फोटो जगभर फिरला, मिडजर्नी या एआयने चित्रं बनवणाऱ्या टूलने बनवलेला होता, भल्याभल्यांनी खरा मानला. तेव्हा "बोटं मोजा, सहा असली तर खोटा" असं सगळे सांगायचे. तो सल्ला आता शिळा झालाय, बोटं नीट यायला लागली. म्हणून फोटोत चुका शोधण्याऐवजी फोटो आला कुठून ते शोधायला शिकवा: गूगल लेन्स किंवा टिनआय अशा फोटोवरून शोधणाऱ्या टूलवर टाका, सगळ्यात आधी कुठे दिसला ते बघा, दुसऱ्या कुणा विश्वासाच्या ठिकाणी तीच बातमी आहे का बघा. शेअर करायच्या आधी थांबा, हे पहिलं पाऊल, आणि तेच सगळ्यात अवघड.

टाइप करायचं नाही अशा गोष्टी

लायब्ररीचा कॉम्प्युटर सार्वजनिक आहे, त्यामुळे हे प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला, शेवटी नाही. ओळखपत्राचे नंबर, बँकेचे तपशील, पासवर्ड, ओटीपी, नाव दिसतंय असे आजारपणाचे रिपोर्ट, दुसऱ्या कुणाचे खाजगी मेसेज, यातलं काही चॅटबॉटमध्ये टाकायचं नाही. अकाउंट उघडलं असेल तर उठताना लॉगआउट. सेटिंगमध्ये "माझं बोलणं मॉडेल सुधारायला वापरा" अशा अर्थाचा पर्याय असतो, तो कुठे आहे आणि बंद कसा करायचा ते दाखवा, जागा बदलत राहते म्हणून सेशनच्या आदल्या दिवशी स्वतः तपासून घ्या.

हे स्टाफलाही लागू. सभासदांची यादी किंवा कुणी कोणतं पुस्तक नेलं याची नोंद "जरा तक्ता करून दे" म्हणून चॅटबॉटमध्ये चिकटवायची नाही म्हणजे नाही. वाचक काय वाचतो ते लायब्ररी बाहेर सांगत नाही, मशीनलाही नाही.

आणि एक गोष्ट जी नियमात बसत नाही. काही लोक, विशेषतः एकटे राहणारे, चॅटबॉटशी मन मोकळं करायला लागतात. हे नवीन नाही. १९६६ मध्ये एमआयटी या अमेरिकेतल्या विद्यापीठात जोसेफ वाइझेनबाउमने एलायझा नावाचा साधा प्रोग्रॅम केला होता, समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा, बाकी आत काही नाही, तरी त्याच्या सेक्रेटरीने एलायझाशी थोडं बोलल्यावर साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितलं. कुणी असं बोललं तर टिंगल करू नका. समोर माणूस नाही हे माहीत असूनही माणसाला तसं वाटतंच, एवढं सांगा आणि पुढच्या वाचनगटाला यायचं आमंत्रण द्या.

पक्षपात कसा शिरतो ते दाखवायचं, सांगायचं नाही

"एआयमध्ये बायस असतो" हे वाक्य ऐकून कुणाच्या डोक्यात काही जात नाही. वेबकॅम असलेला एक कॉम्प्युटर घ्या आणि ब्राउझरमध्ये टीचेबल मशीन उघडा, फोटो दाखवून मशीनला वस्तू ओळखायला शिकवायचं टूल, गूगलचं आहे, फुकट आहे, अकाउंट लागत नाही, आणि मुद्दाम सेव्ह केलं नाही तर फोटो त्याच कॉम्प्युटरवर राहतात. दोन वर्ग करा, "पुस्तक" आणि "चष्मा". पुस्तकाचे सगळे फोटो लाल शर्ट घातलेल्या एकाच मुलाच्या हातात काढा, चष्म्याचे निळ्या शर्टवाल्याच्या. ट्रेन करा, म्हणजे मशीनला या फोटोंवरून शिकू द्या. आता लाल शर्टवाल्याच्या हातात चष्मा द्या. पुष्कळदा स्क्रीनवर येतं, पुस्तक! मशीन पुस्तक शिकलंच नाही, लाल शर्ट शिकलं.

मग सांगा की मोठ्या मशीनचंही असंच झालंय. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या सिस्टीम तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. अशा सिस्टीम तपासायला जे फोटो वापरायचे त्यातही गोरेच चेहरे बहुसंख्य होते, त्यामुळे चूक नजरेलाच येत नव्हती. लाल शर्ट डोळ्यासमोर असला की हा आकडा लोकांना बरोबर लागतो.

शाळा, मुलं, पालक

थोडक्यात. चॅटबॉटना वयाची अट असते, चॅटजीपीटीला १३ वर्षं आणि त्यापुढे १८ पर्यंत पालकांची परवानगी, त्यामुळे लहान मुलांना अकाउंट काढून देऊ नका, त्यांच्यासाठी पेट्या आणि टीचेबल मशीन भरपूर आहेत. शिक्षक येऊन विचारतील, हा निबंध एआयने लिहिलाय का तपासून द्या. नाही म्हणा. असं ओळखणारी टूल्स भरवशाची नाहीत, खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने आपलं असं टूल अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. त्यापेक्षा मुलाला सांगा, तू वापरलेली तीन पुस्तकं आम्हाला रॅकवर दाखव.

बारीकसारीक पण अडवणारं

फुकट सेशन देतो म्हणून कंपन्यांचे लोक येतील. येऊ द्या, पण विषय तुम्ही ठरवा, आणि एकाच कंपनीचं टूल दाखवणार असतील तर शेजारी दुसरं उघडून तोच प्रश्न विचारा. लायब्ररीच्या वेबसाईटवर चॅटबॉट बसवायचा मोह होईल, त्याआधी हे लक्षात घ्या की कॅनडातल्या एका विमान कंपनीच्या चॅटबॉटने प्रवाशाला सवलतीचा चुकीचा नियम सांगितला आणि २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने भरपाई कंपनीलाच द्यायला लावली. आमच्या चॅटबॉटचं तो बघेल, असं म्हणता येत नाही.

एआयवरची पुस्तकं लवकर शिळी होतात. प्रत्येकावर छापलं त्या वर्षाचं ठळक स्टिकर लावा. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं, त्याआधीचं पुस्तक इतिहासासाठी उत्तम, "आजकाल काय चाललंय" साठी नाही. घरबसल्या शिकायचं असेल त्यांना हेलसिंकी विद्यापीठाचा एलिमेंट्स ऑफ एआय हा फुकट ऑनलाइन कोर्स सांगा, २०१८ पासून आहे, कोडिंग येत नसलं तरी चालतं, मात्र वाचून करायचा आहे, त्यामुळे तीन-चार जणांचा गट करून आठवड्यातून एकदा लायब्ररीत बसवला तर पूर्ण होतो, एकटा माणूस बहुधा अर्ध्यात सोडतो.

हातात द्यायचा कागद एकच पानाचा ठेवा, मोठा टाइप, वर तारीख. दर तीन महिन्यांनी वाचून दुरुस्त करा आणि जुने कागद काउंटरवरून उचलून टाका, नाहीतर सहा बोटांचा सल्ला दोन वर्षं फिरत राहतो. सेशनला किती डोकी आली ते रजिस्टरपुरतं मोजा. खरं मोजायचं तर महिन्याभराने आलेल्यांतल्या पाच-सहा जणांना काउंटरवर सहज विचारा, मधल्या काळात काही तपासून बघितलंत का? एक आजोबा म्हणाले हो, नातवाने पाठवलेला व्हिडिओ खोटा निघाला, आता नातू माझ्याशी बोलत नाही.

डबा काउंटरवरून काढू नका, प्रश्न बदलत राहतात. आणि काड्यापेट्यांसाठी जास्तीचे मणी आणून ठेवा, प्रत्येक रंगाचे वीस तरी, कारण मुलं खिशात घालून नेतात आणि मग पुढच्या शनिवारी यंत्र उगाचच हरायला लागतं.